गोठ्याच्या दारावरची गोधडी

गोधड्या बोलायच्या आणि गाईगुरं त्यांना उत्तरं द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. भागाक्काने सासूची जुनी गोधडी दोरीवर टांगली आणि तिच्याकडे बघत बघत गोठ्याच्या दारावर रंगांनी हुबेहूब तशीच गोधडी काढली. शेवटचा चौकोन भरला तशी ती चुलीपाशी गेली आणि भाकरीचा तुकडा आणून तिने ओल्या रंगावर दाबला. आता काय म्हणावं! गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या ठिगळाखाली भाकरी शिवायची, ही तिच्या हाताची सवय.

"मी जेवले!" दारावरची गोधडी ओरडली. "आता मीच खरी. या म्हातारीचं पोतेरं करा!"

जुनी गोधडी दोरीवर वाऱ्याने झुलत राहिली.

त्याच संध्याकाळी गोठ्यासमोर गाय व्याली. माघाची थंडी होती. वासरू लटपटत दारापाशी गेलं.

"ये राजा, माझ्या कुशीत ये," दारावरची गोधडी म्हणाली.

वासराने अंग टेकलं आणि ते किंचाळलं, "आई गं! ही तर गारठलेली आहे!"

गाय हंबरली. भागाक्का धावत आली. तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरीवरची गोधडी ओढून तिने वासरावर घातली.

"अगं, पण भाकरी तर मलाही दिली होती!" दारावरची गोधडी हादरून म्हणाली.

"दिली होती गं बाई," जुनी म्हणाली, "पण तुला पोट कुठंय?"

सकाळी कावळ्याने तो तुकडा उपटला. त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही निघाला. दारावरच्या गोधडीने पहिल्यांदाच आपल्या आत पाहिलं. आत नुसती फळी होती.