जुनेर

कापडपेठेत ‘जुनेर’ म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. वापरून विटलेलं लुगडं कोण घेणार? पण त्याची किंमत गोजरा सुईणीला ठाऊक होती.

हैबतराव जहागीरदारांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला आणि मागे सुनेचे दिवस भरत आले. जुन्याचीच अवदसा घराला भोवली, असं हैबतरावांच्या मनाने घेतलं. जुनी भांडी, जुनी माणसं, सगळं त्यांनी बाहेर काढलं. सुनेला कळा सुरू झाल्या तशी गोजरा काखेत घडी घेऊन धावत आली, तर हैबतरावांनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

“हे काय आणलंस?”

“जुनेर, सरकार. बाळाला गुंडाळायला.”

“माझ्या नातवाला चिंध्या? तूही जुनेर आणि तुझं कापडही जुनेर! नीघ. इथे सगळं कोरं लागतं.”

आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. गोजराचा पाय मागे सरेना.

“सरकार, येणाऱ्या जिवाला जुनेरच लागतं. कोरं कापड लागतं ते जाणाऱ्याला. या घरात शेवटचं कोरं कापड कुणासाठी फाडलं, आठवा.”

हैबतराव उंबऱ्यातून बाजूला सरले. म्हणाले, “जा, बाई, आत जा. आणि त्याचं एखादं धोतर राहिलं असेल बघ, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यातच घे बाळाला.”