भुसाच्या गाडीला मोहोर

आधी एक सांगा मंडळी, खळ्यावर नवं यंत्र आलं तर भरवसा कुणावर ठेवाल? ज्याच्या हातात राजाची मोहोर आहे त्याच्यावर, ज्याच्या जिभेवर साखर आहे त्याच्यावर, की चिमण्यांवर? हसू नका. गोष्ट ऐका, मग सांगा.

फार पूर्वी काळ्या मातीच्या मुलखात एक गाव होतं. ज्वारी अशी पिकायची की उभ्या रानात माणूस हरवावा. मळणी झाली की राही नावाची एक बाई तिवईवर उभी राहून धान्य उफणायची. वारा कुठला, सूप किती तिरपं, सगळं तिच्या मनगटाला ठाऊक. तिच्या भुसात दाणा सापडायचा नाही.

एका वर्षी तिथं एक यंत्रवाला आला. बैलाने फिरवायचं लाकडी यंत्र. एका तोंडाने कणसं खायचं, दुसऱ्या तोंडाने दाणे ओकायचं, आणि मागच्या पंख्याने भूस लांब उडवायचं.

"भाडं काय घेणार?" पाटलांनी विचारलं.

"तुमच्याकडून भाडं? काय बोलता पाटील! दाणे तुमचे. मागं पडेल ते भूस तेवढं मी नेतो. तुमचं खळं साफ, माझ्या म्हशींचं पोट भरलं."

आता मी दुकानदार माणूस. सुपं, चाळण्या, दोरखंड विकण्यात जन्म गेला. मध्यंतरी गूळही ठेवायचो. एक जण म्हणाला, "शेठ, ढेपांची रिकामी फडकी फुकट उचलतो." दिली. वर्षाने कळलं, पठ्ठ्या ती गरम पाण्यात बुचकळून त्या पाण्याची काकवी आटवत होता, आणि माझ्याच दारासमोर विकत होता! तेव्हापासून कुणी फुकट कचरा न्यायला आला की मी आधी कचरा चिवडतो.

त्या गावात कुणी चिवडला नाही. कशाला चिवडतील? यंत्राच्या कपाळावर राजाच्या पारख्याने लाखेची मोहोर उठवली होती : 'तीन दिवसांचं काम एका दिवसात.'

काम खरंच एका दिवसात झालं. मग पाटलांनी रास मोजली. बावीस पोत्यांचा अंदाज होता, भरली एकोणीस.

"तीन पोती गेली कुठं?" पाटील गरजले. त्यांची नजर खळं झाडणाऱ्या राहीवर गेली. "यंत्राला खिसा नसतो, बाई. ओटी तुला आहे."

तीन पोती! एका बाईच्या ओटीत! तिथल्या तिथं कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. भर खळ्यावर तिला ओटी झाडायला लावली. निघालं काय, तर मूठभर भुसकट. तरी तिचं सूप काढून घेतलं आणि हुकूम सुटला, की उद्यापासून राहीनं गावात कुणाच्याही खळ्यावर पाय ठेवायचा नाही. वीस वर्षं ज्या हातांनी गावाचा दाणा राखला ते हात चोराचे, आणि काल आलेलं लाकूड साव! मला तर सांगतानाही तळपायाची आग मस्तकात जाते.

राही रडली नाही. पदर झटकून निघाली, आणि खळ्याच्या कडेला थबकली. यंत्रवाल्याचे गडी भूस गाडीत भरत होते आणि त्या भुसावर शे-दीडशे चिमण्या तुटून पडल्या होत्या. गडी हाकलायचे, त्या परत यायच्या. नुसत्या भुसासाठी चिमणी एवढा जीव धोक्यात घालत नाही.

ती सरळ जाऊन गाडीपुढे उभी राहिली. "गाडी हलणार नाही."

यंत्रवाला हसला. "का गं अक्का, भूस खायचंय?"

"चार घागरी पाणी ओतायचंय. मग चार दिवस गाडी इथंच राहू दे. भूस असेल तर कुजेल. दाणा असेल तर उगवेल."

राजाचा पारखी त्या दिवशी पाटलांकडे जेवायला आलेला, तोही खळ्यावर बसला होता. तो ताडकन उठला. "माझ्या मोहरेवर शंका? मी स्वतः पारखलंय हे यंत्र!"

"कुठं पारखलंत, दादा?"

"राजवाड्याच्या अंगणात. घटिकापात्र लावून."

"आणि भूस कुणी पाहिलं?"

पारखी काही बोलायच्या आत यंत्रवाला पुढे सरसावला.

"पाणी ओतलं तर माझं भूस नासेल!" यंत्रवाला ओरडला.

"तुझ्या म्हशी ओलं खात नाहीत होय?" पाटलांनी विचारलं. आता त्यांच्याही कपाळाला आठी पडली होती.

"आणि रात्रीतून हिनंच दाणे टाकले तर?"

राही पारख्याकडे वळली. "खरंय त्याचं. माझ्यावर भरवसा ठेवूच नका. गाडी गोणपाटानं झाका, दोर आवळा आणि गाठींवर तुमचीच मोहोर लावा."

पारख्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. दाणा उगवला तर सगळ्या राज्यात त्याचंच हसं होणार होतं. गाडी सोडून दिली असती तर त्याला विचारणारं कोण होतं? पण त्याने भुसावर चार घागरी पाणी ओतायला लावलं आणि लाख तापवायला सांगितली. त्या माणसाची ही एक गोष्ट मी मानतो.

चौथ्या दिवशी सकाळी सारा गाव जमला. लाख शाबूत होती. दोर कापले, गोणपाट ओढलं. देवघराच्या अंधारात घटाचं धान उगवतं ना, तसे पिवळसर कोंब! इतके दाट, की त्यातून बोट जाईना.

राहीने एक कोंब उपटला. मुळाशी दाणा लोंबत होता. तो तिने पाटलांच्या तळहातावर ठेवला. "ही बघा माझी ओटी, पाटील."

मग यंत्रवाला कबूल झाला. पंख्याची पाती त्याने मुद्दाम मोठी केली होती, भुसाबरोबर दाणाही उडावा म्हणून. आधी सात गावांतून अशाच गाड्या नेल्या होत्या. आणि ऐका, त्या सातही गावांत रास कमी भरली म्हणून कुठली ना कुठली बाई चोर ठरली होती!

राजाने त्याच्याकडून दाणा तर भरून घेतलाच, वर सातही गावांच्या खळ्यांवर त्याला उभं केलं. प्रत्येक बाईचं नाव घेऊन मोठ्यांदा सांगायला लावलं : "चोर ही नव्हे, चोर मी." पाटील स्वतः राहीच्या दारी गेले, तिचं सूप दोन्ही हातांनी तिला परत दिलं.

पोरं यंत्र फोडायला धावली, तर राहीनेच अडवलं. "लाकडाचा काय गुन्हा? पाती कापा." सुताराने पाती चार बोटं कापली. भूस भिजवून पाहिलं, एक कोंब आला नाही. काम आता एका दिवसात होईना, दीड दिवस लागे. पण दाणा घरात येई. पारख्याने नखाने जुनी मोहोर खरवडली आणि नवी उठवली : 'दीड दिवसात. भूस बघून.' तिथून पुढे कुठलंही यंत्र त्याने राजवाड्यात पारखलं नाही. शेतकऱ्याच्या खळ्यावर पारखलं, आणि शेजारी राहीला उभं केलं.

तात्पर्य : यंत्राची पारख राशीवर करू नये, भुसात करावी, आणि ज्याने भूस चिवडलं नाही, त्याने कुणाची ओटी झाडायला लावू नये.

तेव्हा मंडळी, हात जोडून एवढंच मागतो. हिशेब लिहाल तेव्हा आलं किती याच्या शेजारी गेलं कुठं हेही लिहा, आणि खरं लिहा. ती एक ओळ तुम्ही गाळलीत, की भर खळ्यावर कुणा राहीला पदर झाडावा लागतो.