बुडालेल्यांचा जामीनदार

सांगलीच्या शालनताई तोडकरांचा पापडाचा कारखाना एकदा असा बुडाला, की कोर्टात दिवाळं जाहीर झालं आणि मशिनंसुद्धा लिलावात गेली. पण बाई खमकी! तिनं मिरची-कांडप सुरू केलं, ते धडाक्यात चाललं, आणि एके दिवशी ती घरासाठी कर्ज मागायला आपली ठेव होती त्याच जनकौतुक सहकारी बँकेत गेली.

मॅनेजर शहापुरेसाहेबांनी तिचा सिबिल स्कोअर बघून नाक मुरडलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं, "बाई, आज तुमचा धंदा चालत असेल. पण जो एकदा बुडाला, त्याला ही बँक दारात उभं करत नाही. नियम म्हणजे नियम!"

"झकास नियम आहे," शालनताई म्हणाल्या. "मग माझी ठेव आत्ताच्या आत्ता परत द्या."

"ती का?"

"मागं तुमच्या बँकेवर निर्बंध आले, शटर खाली आलं, आमचे पैसे आत अडकले. बँक पुन्हा उघडल्यावर तुम्हीच घरोघरी हात जोडत फिरलात, झालं गेलं विसरा, आताचा कारभार बघा म्हणून. मी विसरले. पण नियम आज कळला ना!"

"माझीही ठेव काढा!" रांगेतले एक आजोबा ओरडले. बघता बघता सगळ्यांची पासबुकं हवेत नाचू लागली.

साहेबांनी घाईघाईनं खुर्ची पुढं सरकवली. "अहो ताई, बसा, चहा घ्या! देतो कर्ज! फक्त एक जामीनदार आणा."

"आणायचा कशाला? तुम्हीच सही करा की," शालनताई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या. "बुडालेलं माणूस पुन्हा उभं राहतं, याची खात्री तुमच्याइतकी दुसरं कोण देणार?"