यंत्राने न शिकवलेली खेळी

यंत्रं बुद्धिबळ खेळू लागली, त्या काळची गोष्ट. पटावरच्या पांढऱ्या राजाने डावाची सुरुवात यंत्राकडून शिकून घेतली होती. त्याचे म्हातारे सरदार ती पाढ्यांसारखी घोकत.

डाव सुरू झाला आणि काळ्यांचं कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकलं. इतकी कमजोर खेळी कोण करणार, म्हणून यंत्राने तिचं उत्तर शिकवलंच नव्हतं.

"आपण पाठ केलेलंच खेळायचं," म्हातारा उंट म्हणाला.

"उंटकाका, तुम्ही जाणार त्या घरावर आता ते प्यादं टपलंय," तरुण घोडी म्हणाली. "एकदा बघा तरी."

"यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का गं?"

उंट ठरलेल्या घरात गेला. प्याद्याने त्याला तिथेच मारलं.

"आता पुढे काय?" राजाने घाबरून विचारलं. पाठ केलेलं संपलं होतं आणि काळी फौज त्याच्याच दिशेने निघाली होती.

तेव्हा राजाने पहिल्यांदा पटाकडे नीट पाहिलं. घरं तीच होती, पण एकेका घरातून इतक्या वाटा फुटत होत्या की त्यांना अंतच नव्हता. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्यासारखा तो थक्क होऊन बघत राहिला.

मग हळूच म्हणाला, "घोडी, तुला काय दिसतंय ते सांग."