पन्हळीतले तीन ठोके

एकदा एक सुपारीचा व्यापारी धापा टाकत एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात शिरला, तो वहाणा पायांत ठेवूनच. माणूस तसा वागण्याबोलण्यात चोख. पण भीती मानगुटीवर बसली की माणूस आधी रीतभात विसरतो.

"आचार्य, माझे वडील छपरावर आले आहेत," तो म्हणाला.

आचार्यांचा शिष्य ओसरीवर बसला होता. वय तिशीचे, यंत्रविद्या शिकून मग अध्यात्माकडे वळलेला. व्यापाऱ्याच्या वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली, हे त्याला ठाऊक होते. त्याला आलेले हसू त्याने कसेबसे गिळले.

हकीकत अशी होती. व्यापाऱ्याचे घर कौलारू आणि भोवती आंब्याफणसांची दाटी. छपराच्या कडेच्या पन्हळीत पाला तुंबला की पाणी भिंतीत उतरते. म्हणून त्याचे वडील दर पावसाळ्याआधी शिडी लावून स्वतःच्या हातांनी पन्हळ उपसत. ते गेले आणि मुलाने पन्हळ साफ करणारा रोबो आणला. हातभर लांब, सुरवंटासारखा. रोज भर दुपारी तो पन्हळीतून सरपटत जाई, पाला बाहेर भिरकावी आणि मालकाच्या फोनवर निरोप धाडी, 'पन्हळ स्वच्छ आहे.' मग शिडी कशाला हवी? ती व्यापाऱ्याने कोणाला तरी देऊन टाकली.

पण गेल्या महिन्यापासून एका कोपऱ्यावर पोचला की रोबो थबके आणि तीन ठोके ऐकू येत. वडीलही खाली उतरण्यापूर्वी बोटाच्या पेराने जागोजागी असेच तीन ठोके देत.

"त्या कोपऱ्याखालीच माझी सून बाळंतीण आहे," व्यापारी म्हणाला. "वीस दिवसांचे पोर आहे हो. शिडी दिली म्हणून वडील रागावले. ते पोराला न्यायला तर आले नसतील?"

गुरुशिष्य लगोलग निघाले. शेजाऱ्याची शिडी मागून शिष्याने रोबो खाली आणला, उघडला, एकेक चाक फिरवून पाहिले. "यंत्रात काडीचाही दोष नाही," तो जरा ऐटीतच म्हणाला आणि रोबोची बॅटरी काढून त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "आता बघू, कोण ठोकते ते."

सगळे बाळंतिणीच्या खोलीत उभे राहिले. खोली अंधारी होती, शेगडीवर टाकलेल्या ओव्याचा वास कोंडला होता. बाहेर दुपार इतकी निपचित, की झाडाचे पानही हलत नव्हते.

टक. टक. टक.

शिष्याचा हात खिशाकडे गेला. बॅटरी तिथेच होती.

सुनेने पोर उराशी धरले. "मला आताशा रात्रीही ऐकू येते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मामंजी घाबरतील म्हणून बोलले नाही."

आचार्यांनी मंत्र म्हटला नाही की अंगारा मागितला नाही. त्यांनी भाकरीचा तवा मागवला. पाळणा सारून त्या जागी तो पालथा ठेवला आणि सर्वांना खोलीबाहेर जायला सांगितले.

"अहो, आमच्यात सव्वा महिना बाळंतिणीची खोली बदलत नाहीत!" व्यापारी म्हणाला.

"आज बदला," आचार्य म्हणाले. सून पोराला घेऊन सगळ्यांआधी बाहेर पडली.

सगळे ओसरीवर बसून राहिले. आतून मधूनच ठोके येत. पालथा तवा हा पिशाच्च बांधण्याचा उपाय असणार, असे शिष्याने ठरवून टाकले आणि तो मनातल्या मनात देवाचे नाव घेऊ लागला. सकाळी हसू गिळणारा तो हाच.

तासाभराने आचार्य तवा बाहेर घेऊन आले. त्याच्या काळ्या पाठीवर पिठासारखी पिवळसर पूड पडली होती.

"घरात रोज केर निघतो, म्हणून ही कोणाला दिसली नाही," आचार्य म्हणाले. "वरचा वासा किडीने आतून पोखरला आहे, ही त्याचीच पूड. त्यामुळे पन्हळ तिथे खचली आणि रोबो त्या जागी अडखळू लागला. आता वासाच तडकतो आहे. बाबा रे, पाला हे तुझ्या वडिलांचे निमित्त होते. पेराने ठोकून ते प्रत्येक वाशाला विचारत, अजून भरीव आहेस ना? पाला काढायचे काम तू यंत्राला दिलेस, त्यात काही चुकले नाही. यंत्राने ते इमानाने केले, पन्हळ खरोखरच स्वच्छ आहे. पण वडिलांचे ते विचारणे तू कोणालाच दिले नाहीस."

"मला वाटे, शकुन म्हणून ठोकतात."

"त्यांना कधी विचारलेस?"

व्यापाऱ्याने तव्यावरची पूड बोटाने पुसून पाहिली.

सुताराला निरोप गेला. पण सुतार पोचण्याआधी पाऊस पोचला. दिवेलागणीला घर हादरले. वासा, कौले आणि ती स्वच्छ पन्हळ एकदम खोलीत कोसळली, अगदी पाळण्याच्या जागी. ओसरीवर पोर दचकून रडू लागले. त्याला छातीशी घेऊन तो एवढा मोठा व्यापारी हमसून हमसून रडला.

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले, "लाकूड तडकत होते, हे पटले. पण ठोके तीनच का?"



"ते मलाही ठाऊक नाही," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी पुन्हा आश्रमात आला. या खेपेस वहाणा दाराबाहेर होत्या. शेजाऱ्याच्या शिडीवर सुतार कामाला लागला होता, आणि बाकीचे वासे व्यापाऱ्याला स्वतः पाहायचे होते. त्यासाठी त्याला शिडी हवी होती.

शिडी आश्रमाच्या छपराला लावलेली होती. वर शिष्य वाशाला कान लावून उभा होता.

"थोडे थांबा," तो खाली न बघताच म्हणाला. "माझे अजून चार वाशांना विचारायचे राहिले आहे."