चांदीच्या घटाला घाम फुटला

भक्तहो, धुळगीर महाराजांचा मुक्काम त्या साली टाकळदऱ्याला होता. गावाबाहेर माळजाईचं देऊळ, देवळापुढं कडुनिंब, निंबाखाली महाराजांचं घोंगडं. महाराज कुणाकडं काही मागत नसत आणि कुणाला भीतही नसत. अशा माणसापुढं गावचे मोठे लोक फार वेळ बसत नाहीत. तसे तिथंही बसत नव्हते.

माळजाईचा नवरात्रातला घट कुंभाराच्या घरून यायचा, ही पिढ्यांची चाल. घटाखाली माती, मातीत सात धान्यं. गुरवानं घटात पाणी भरायचं, पण धानाला वरून एक थेंब घालायचा नाही. ते देवी बघते. आणि एकदा बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. दसऱ्याला धान वीतभर झालं की साल चांगलं जायचं.

त्या श्रावणात कुंभार वारला. मागं राहिली त्याची बायको ठकूबाई. चाकाला बाईनं हात लावायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. म्हणून तिनं उपास धरून नुसत्या हातानं थापून घट घडवला, भाजला. घट जरा एका अंगाला कलला, एवढंच. तो डोक्यावर घेऊन ती देवळाच्या पायरीशी आली.

पायरीवर आबाजीराव पाटील उभा. घट बसवायचा मान त्याच्या घरचा. मान म्हणजे चाकरी, पण ह्याला वाटायचं देवीच आपल्या घरी पाहुणी आली आहे. त्यानं तालुक्याच्या सोनाराकडून चांदीचा घट करून आणला होता आणि तो मिरवायला निमित्तच शोधत होता.

"कपाळ पांढरं आणि घट वाकडा," तो म्हणाला. "देवीला एवढंच बघायचं राहिलं होतं का?"

लोक हसले. ज्यांच्या घरचं पाणी तिच्या माठात गार होत होतं, तेच हसले. लाज द्यायला देव विसरतो, पण दात मात्र मोजून बत्तीस देतो.

ठकूबाई घट घेऊन माघारी वळली. तिचा घट महाराजांनी मागून घेतला, घोंगड्याशेजारी ठेवला आणि रोज स्वतः त्यात पाणी भरू लागले.

इकडं देवळात चांदीचा घट बसला. पाटील दिसेल त्याला सांगत सुटला, की बघा, घटातलं पाणी तसूभर उतरत नाही, देवी प्रसन्न झाली. लोक हात जोडायचे. एवढी पिकल्या केसांची माणसं गावात, पण चांदीतून पाणी पाझरत नाही, ते मातीतूनच पाझरतं आणि त्याच ओलीवर धान वाढतं, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. नियम सगळ्यांना तोंडपाठ. अक्कल मात्र उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी.

पंचमी गेली, सप्तमी आली, धान उगवेना. मग गाव घाबरलं. आणि घाबरलेलं गाव आधी एखादी एकटी बाई शोधतं. पाटलानं सांगितलं, कुंभारणीनं पायरीवर तळतळाट दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं, की अष्टमीची आरती व्हायच्या आत तिनं गाव सोडायचं. कुठं जायचं? माहेर केव्हाच संपलेलं. नवऱ्याचं चाक आणि भट्टी एवढंच काय ते तिचं जग, ते इथंच.

अष्टमीच्या सकाळी ती गाठोडं घेऊन महाराजांच्या पाया पडायला आली. साधूला राग येत नाही असं जे म्हणतात, त्यांनी त्या दिवशी महाराजांचं तोंड बघायला हवं होतं.

"गाठोडं खाली ठेव माय," महाराज म्हणाले. "चल आत."

देवळाच्या दारात पाटील आडवा आला. विधवा बाई गाभाऱ्यात जाणार नाही, आणि साधूनं साधूसारखं राहावं, असं त्यानं चारचौघांत सुनावलं.

महाराजांनी निंबाखालचा वाकडा घट उचलला. त्याच्या बुडाभोवती नुसती माळाची धूळ होती. त्या धुळीत बोटभर कोवळं गवत उभं होतं.

"हिच्या घटानं धूळ हिरवी केली," महाराज म्हणाले, "आणि तुझ्या घटाखाली देवीचं धान तहानेनं मेलं. तळतळाट कुणाचा रे पाटील? हो बाजूला."

पाटील बाजूला झाला. गुरवानं भीत भीत विचारलं, की आता मातीचा घट बसवायचा का. महाराजांनी नाही म्हणून मान हलवली. बसलेला घट हलवायचा नाही, देवीचा नियम मोडायचा नाही. मग ते ठकूबाईला म्हणाले, "हात लाव."

तिच्या नखांत अजून माती होती. तिनं दोन्ही तळवे चांदीला टेकले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. घर मागितलं नाही, न्यायसुद्धा मागितला नाही.

"आई, माझ्यावर रुसलीस तर रूस," ती म्हणाली, "पण ही तुझी लेकरं तहानेली आहेत. त्यांना पाज."

आणि भक्तहो, चांदीला घाम फुटला! आधी तिच्या बोटांखाली दहिवरासारखे थेंब आले, मग बारीक धार लागली, माती काळी झाली. गुरवानं घटात डोकावलं तर पाणी चार बोटं उतरलेलं. दुपारची आरती चालू असतानाच माती उकलली आणि सातही धान्यांचे पिवळे कोंब वर आले. झांजा वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

पाटलानं पागोटं काढलं आणि महाराजांच्या पायांवर पडला. महाराजांनी पाय ओढून घेतले. "माझे पाय कशाला धरतोस? मी काय घडवलंय?"

मग पाटील वळला आणि सगळ्या गावासमोर त्यानं ठकूबाईपुढं उंबऱ्याला डोकं टेकलं. ज्यांनी दात काढले होते, ते आता पायाचे अंगठे बघत होते.

दसऱ्याला धान वीतभर झालं. पहिलं धान ठकूबाईनं खुडलं आणि स्वतःच्या हातानं पाटलाच्या पागोट्यात खोवलं. एवढंच म्हणाली, "पुढच्या भाद्रपदात माती तुडवायला या पाटील. घट वाकडा का होतो ते कळेल."

पाटील गेला. गुडघाभर चिखलात उभा राहून त्यानं चार दिवस माती तुडवली. घट त्याही साली एका अंगाला कललाच. पाटलानं तो आपल्या डोक्यावर देवळापर्यंत नेला, आणि बसवण्याआधी दोनदा वाकला. पहिल्यांदा ठकूबाईपुढं, मग माळजाईपुढं. महाराज निंबाखालून बघत होते. हा क्रम चुकला असं ते म्हणाले नाहीत.