दारातली मोरी

नाकाला रुमाल लावा, संकोच करू नका. खडकनेरला येणारा प्रत्येक पाहुणा वेशीतून आत आला की हेच करतो. इतर गावांत न्हाणीची मोरी घराच्या मागे निघते. इथे ती पुढे, उंबऱ्याला लागून निघते आणि घरातलं सांडपाणी सगळ्यांच्या देखत दगडी पन्हळीतून रस्त्याच्या कडेने वाहतं. कोणाकडे आंघोळी झाल्या, कोणाकडे पाहुणे उतरलेत, हे रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता कळतं. साहेबलोक येतात, नाक मुरडतात आणि 'अस्वच्छ गाव' असा शेरा मारून जातात. मी या बारवेसमोरच्या देवळाचा गुरव. बापाने आणि आज्याने जसं सांगितलं तसं सांगतो. ऐकून झाल्यावर किळस आली, तर ती या पाण्याची येणार नाही.

फार पूर्वी हे निळाऱ्यांचं गाव होतं असं सांगतात. कापड निळीत बुडवून रंगवणारे ते निळारी. गावाला पाणी एकच, ही समोरची बारव. तिच्यात साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा वास. एका वर्षी पाऊस आला नाही, पुढच्या वर्षीही आला नाही आणि बारवेचं पाणी तळाच्या पायऱ्यांना गेलं. तेव्हा सुभानजी पाटलाने गाव चावडीपुढे बोलावलं आणि नेम घातले. माणशी रोज एक घागर. दारात सडा घालायचा नाही. भांडी राखेने घासायची, जेवायला पत्रावळी घ्यायच्या. निळाऱ्यांनी रांजण पालथे घालायचे, कुंभाराने चाक थांबवायचं, गुऱ्हाळ पेटवायचं नाही. पाटलाच्या घोडीला नुसता खरारा, धुणं बंद. घरटी एकेकाने पुढे होऊन शपथेचा बेल-भंडार उचलला. नेमांत खोट काढायला जागा नव्हती. आज टंचाईचं सरकारी पत्रक येतं ना, त्यात तरी याहून वेगळं काय असतं?

पण पाणी खालीच जात राहिलं. घरोघर उतरंडीमागे, धान्याच्या कणगीआड भरलेले रांजण लपले होते, हे ज्याचं त्याला माहीत होतं. चावडीवर मात्र सगळे हळहळायचे. कोणीतरी चोरतंय, म्हणायचे. आपलं नाव कोण घेणार? मग एक कमजोर घर शोधलं गेलं. गावाला ते लगेच सापडतं.

कोंडाई नावाची विधवा निळारीण होती. मुलगा पोटासाठी घाटाखाली गेलेला, घरात सून गजरा ओली बाळंतीण. निळीत जन्म गेल्यामुळे कोंडाईचे हात कोपरापर्यंत निळे होते. तो रंग मरेपर्यंत जात नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आळ घ्यायचं ठरलं की ठाऊक असलेलंही माणसाला आठवत नाही.

"हात बगा तिचं. चोरून रंगवती," एकजण म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं. तिचे रांजण पालथे पडले होते, त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणली होती. बघायला कोणी गेलं नाही. पाटलाने तिच्या घरची घागर बंद केली.

ती पाटलाच्या पायाशी बसली. "पाटील, माजी घागर बंद करा. पर पोरीची नगा करू. दूद आटतंया तिचं."

"नेम समद्यास्नी सारका," पाटील म्हणाला.

हे वाक्य उच्चारताना आजही माझं तोंड कडू होतं. नेम सारखाच होता, मोडणारे तेवढे सारखे नव्हते.

शेजारपाजारच्या बायकांना कळवळा आला नसेल असं नाही. पण तांब्याभर पाणी द्यावं, तर लोक विचारणार, तुझ्याकडे जादा आलं कुठून? त्या भीतीने एकीनेही दिलं नाही. गजराचं दूध आटलं. चार दिशांना भरलेले रांजण असताना मधल्या घरात ते लेकरू गेलं.

तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. कोंडाईने ते निळ्या फडक्यात गुंडाळलं आणि वाटेत कोणाचं तोंड दिसायला नको म्हणून घरांच्या मागच्या बोळीने निघाली. मानाची माणसं त्या बोळीत पाऊल टाकत नसत, कारण मोऱ्या तिथे निघायच्या. आणि तिथे तिचा पाय रुतला. दोन वर्षं आभाळ कोरडं, आणि कोंडाई पोटरीपर्यंत चिखलात.

साधा चिखल नव्हता तो. शिकेकाई, तांदळाचं आंबलेलं धुण, उटणं, लेकरांचं धुणं, सगळं साचून कुजलेलं, वर हिरवी साय धरलेली. डासांचे लोट उठत होते आणि डुकरं सुखाने लोळत होती. पाटलाच्या घरामागे केळी तरारल्या होत्या, आणि मोरीच्या तोंडाशी घोडीचे केस गुंतून पडले होते. सबंध बोळीत एकच मोरी खडखडीत कोरडी होती, ती कोंडाईची. छातीशी ते गाठोडं धरून ती बाई त्या घाणीतून शेवटपर्यंत चालत गेली. गाव कसं होतं हे मला कोणी विचारलं, तर मी ही बोळ सांगतो.

लेकराला पुरून ती तशीच परत आली आणि चावडीच्या पायरीवर बसली. पोटरीपर्यंत काळा चिखल.

"ह्यो चिखूल कुनाचा?" तिने विचारलं.

 एकेकजण उठून गेला आणि घरातून घागर घेऊन आला. काठोकाठ भरलेल्या घागरी! कालपर्यंत ज्यांच्याकडे थेंब नव्हता, ते सगळे ओळीने उभे राहिले. म्हणू लागले, "आई, पाय धुतो तुझं." आई म्हणायला तेव्हा सुचलं त्यांना. आणि दुःख धुवायला नव्हते आले, चिखल धुवायला आले होते. तो पायांवरून गेला की साक्ष गेली.

कोंडाई म्हणाली, "हितं एक थेंब वतू नगा. न्या आनि बारवंत वता. घरात लपवलेलं बी वता."

मूल पुरून आलेल्या, घसा कोरडा पडलेल्या बाईने पाणी वाया जाऊ दिलं नाही. गावाने मुकाट्याने घागरी नेल्या, रांजण उपसले, आणि बारवेचं पाणी पायऱ्या चढून वर आलं. आसरा पावल्या, असं कीर्तनकार सांगतात. आसरा कशाला पावतात! चोरलेलं होतं ते परत आलं, एवढंच.

मग तिने आण घेतली. "समद्या मोऱ्या म्होरल्या दारी येतील तवा ह्यो चिखूल वाळंल. तवर मी उठत न्हाई आनि पानी बी घेत न्हाई."

चैताचं ऊन होतं. दगड तापून हात लावू देत नव्हते. पण तिच्या पायांवरचा चिखल ओलाच राहिला म्हणे, आणि त्याची दुर्गंधी घराघरात शिरली. भाकरीचा घास तोंडाशी नेला तरी तोच वास यायचा. तेव्हा लोकांनी पहारी काढल्या आणि पुढच्या भिंती फोडून मोऱ्या दारात आणल्या. लाज वाटली म्हणून आणल्या असं मी सांगणार नाही. वास सोसवेना म्हणून आणल्या.

पाटलाचं घर तेवढं राहिलं. "पाटलाच्या दारात मोरी? लोक थुकतील," तो म्हणाला.

त्याची बायको अंबूबाई आतून पहार घेऊन आली. "आजवर मागनं थुकत हुते, आता म्होरनं थुकतील," म्हणाली, आणि उंबऱ्याशेजारी पहिला घाव तिने स्वतः घातला.

त्या मोरीतून पाणी दारात आलं आणि कोंडाईच्या पायांवरचा चिखल वाळून खपल्यांनी गळून पडला. ती उठली, घरी जाऊन गजराचा हात धरला आणि भर रस्त्यातून वेशीबाहेर निघून गेली. वाटेला म्हणून कोणीतरी तांब्या पुढे केला. तिने बघितलंसुद्धा नाही. पुढे गावाने इथे देऊळ बांधून तिची पावलं कोरली. दर चैतात नैवेद्य असतो, पुरणपोळीचा. जिला पाणी दिलं नाही तिला पुरणपोळी! मी गुरव आहे, मला तो दाखवावाच लागतो. पण दाखवताना दरवेळी शिसारी येते.

आजही टंचाई लागली की इथे एक रीत पाळतात. पाणीचोरीचा आळ घ्यायचा असेल, तर आळ घेणाऱ्याने आधी गावाला आपल्या दाराशी बोलावून स्वतःची मोरी दाखवायची. गेल्या उन्हाळ्यात नाक्यावरचा लॉजवाला ग्रामसभेत उठला. ओढ्याकाठी पालं ठोकून राहणारे घिसाडी टँकरचं पाणी चोरतात, त्यांचा वाटा बंद करा, म्हणाला. त्याला कोणीतरी म्हटलं, मोरी दाखव. तो हसला. "माझ्याकडे मोरीच नाही. सगळं जमिनीखालून जातं, पाइपाने."

सांगायला लाज वाटते, पण सभेला ते उत्तर पुरलं. काहींनी माना डोलावल्या. सरपंच ठराव मांडायला उभेही राहिले.

तेव्हा मागे बसलेली सरूआत्या, नव्वदीची म्हातारी, काठी टेकत उठली. म्हणाली, "ठराव मागनं करा. पालावर कोन बाळातीन हाय का, त्ये आदी सांगा."

ती पालं कित्येक वर्षं गावाला लागून आहेत. अख्ख्या सभेत एकालाही सांगता आलं नाही.